वॅट किती?

तुमच्या गल्लीतही असतील ते. आमच्या मंगळवार पेठेत त्यांना सगळे आण्णा म्हणतात. घरी नवा मिक्सर आला की बाकीचे पेढे मागतात. आण्णा तो उलटा करतात, चष्मा कपाळावर सारून बुडाची पट्टी वाचतात आणि विचारतात, "वॅट किती?"

हिशेब जिभेवर. वॅटला २३० नं भागलं की अँपिअर. मिक्सर ७५० चा, म्हणजे सव्वातीन. इंडक्शन शेगडी २००० ची, पावणेनऊ. किटली १५०० ची, साडेसहा. "झाले साडेअठरा, आणि एमसीबी सोळाचा! लगेच पडणार न्हाई, तापून पडंल. वैनी, खोबरं वाटताना किटली लावायची न्हाई." किटली माळ्यावर पडून असते, पण हे आण्णांना सांगणार कोण?

एका लग्नात रुखवतातला मायक्रोवेव्ह त्यांनी सगळ्यांदेखत पाठमोरा केला. "पुढं आठशे लिवलंय, पण हा खातो बाराशे. आठशे जेवणाला, बिल बाराशेचं!" व्याह्यांचा चेहरा पडला. कुणाच्या तेराव्याला गेले, तर फोटोवरच्या दिव्यांच्या माळेकडे निरखून बघत म्हणाले, "एलईडी हाय. चालतंय."

गणपतीत मंडळाच्या पोरांनाही त्यांनी तेच विचारलं. डॉल्बीचे वॅट किती, हे पोरांना ठाऊक नव्हतं, अध्यक्षांनाही नाही. अधिकृत तात्पुरती जोडणी घ्या, असं महावितरण दरवर्षी पेपरातून सांगतं. इथली वायर थेट खांबावरून आली होती. "आण्णा, नाद करायचा न्हाई," पोरं म्हणाली. स्वयंपाकघरातल्या किटलीवर डाफरणारा माणूस त्या रात्री भिंतींसकट थरथरत घरात बसून होता.

तरी एक सांगायला हवं. शेजारच्या जुन्या घरात नव्या भाडेकरूंचा एमसीबी सारखा पडायचा. त्या घराचं वायरिंग झालं तेव्हा स्वयंपाकघरात एक बल्ब असे, आणि पाटा-वरवंट्याला वीज लागत नव्हती. वायरमननं सोपा उपाय काढला: सोळाचा काढून बत्तीसचा टाकू. आण्णा दारातच उभे राहिले. "एमसीबी शेगडीला न्हाई, वायरीला सांभाळतो. बत्तीसचा टाकलास तर तो पडणार न्हाई, भितीतली दीडची वायर जळंल!" संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. शेवटी जुनी वायर ओढून काढली, तर तिचं प्लास्टिक बोटांत चुरलं. घरात पाळण्यातलं पोर होतं. शेगडीला चारची वेगळी लाईन टाकून घेतली, तेव्हा आण्णा घरी गेले. पैसे घेतले नाहीत. वायरमनला मात्र वायरीचं बिल दाखवायला लावलं.

असे कुणी तुमच्याकडे आले तर तोंड वाकडं करू नका. मीटरजवळचा बोर्ड उघडून दाखवा. चहा तेवढा गॅसवर करा.