ती खोली रिकामीच आहे

ज्या घरात एक चित्रकार राहतो, त्या घरात एक खोली कायम रिकामी असते. निदान घरातल्या बाकीच्यांचं तसं ठाम मत असतं. खोलीत ईझल उभा असो, भिंतीला टेकवलेले कॅनव्हास दारापर्यंत आलेले असोत, ट्यूबांची ट्रॉली पाय ठेवायला जागा देत नसो. पाहुण्यांचा फोन आला की त्यांच्या गादीची जागा ठरलेली. ‘तिच्या खोलीत. ती रिकामीच आहे.’

पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमधली ही खोली मी भांडून मागून घेतली. बिल्डरच्या नकाशात तिला ‘स्टडी’ म्हटलं होतं, म्हणजे जिच्यात पलंग मावत नाही अशी खोली. पण तिची खिडकी उत्तरेला आहे. उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही, आभाळाचा उजेड येतो, आणि तो दिवसभर फारसा हलत नाही. सकाळी लावलेला करडा दुपारीही करडाच राहतो. युरोपातले चित्रकार पिढ्यान् पिढ्या अशाच खिडक्या शोधत आले. मात्र त्यांच्या पुस्तकांत पुण्याचा उन्हाळा नसतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत आपला भर दुपारचा सूर्यसुद्धा डोक्यावरून उत्तरेकडे कललेला असतो, आणि पावसाचे ढग येईपर्यंत सकाळ-संध्याकाळ उन्हाची एक तिरीप खिडकीतून शिरून नेमकी कॅनव्हासवर येऊन बसते. तेवढ्यापुरता मी काचेला ट्रेसिंग पेपर लावते. ‘काच तडकली का गं?’ असं सासूबाई दरवर्षी विचारतात.

खरी अडचण ऊन नाही. घरातला सगळ्यात चांगला उजेड या खोलीत आहे, हा शोध हळूहळू सगळ्यांनाच लागला. सासूबाई तांदळाचं ताट घेऊन येतात, कारण स्वयंपाकघरात खडे दिसत नाहीत. सुईत दोरा इथेच ओवला जातो. मुलगी मैत्रिणींना घेऊन फोटो काढायला येते. इथे म्हणे चेहरा ‘क्लीन’ येतो. व्हर्मीरच्या चित्रांतल्या बायकाही खिडकीशीच उभ्या असतात. त्या ओठांचा चंबू करत नाहीत, एवढाच फरक.

नवऱ्याला उजेडाशी देणंघेणं नाही, त्याला जागा हवी असते. त्याची व्यायामाची सायकल पाडव्याला आली आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत चालली. तेव्हापासून तिच्यावर शर्ट वाळतात. शर्ट वाळतात, पण तेलरंग वाळत नाहीत. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होतं. वर वर कोरडं दिसायलाच काही दिवस जातात, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. हे त्याला मी लग्नापासून समजावते आहे. परवा तो ऑफिसला गेला तो कॉलरला अल्ट्रामरीन लावून. संध्याकाळी येऊन म्हणाला, ‘सगळे म्हणत होते, शर्ट छान आहे.’

या तेलाची आणखी एक खोड आहे. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकला, तर तो आतल्या आत तापत जातो आणि काडी न लावता पेट घेऊ शकतो. म्हणून ब्रश पुसलेली फडकी मी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवते. डबा सासूबाईंच्या लग्नातला, त्यांच्या वडिलांचं नाव कोरलेला, आणि रास्त कारणांनी अख्ख्या नातेवाइकांत बेसनाच्या लाडवांसाठी प्रसिद्ध. नवऱ्याचे अमरावतीचे मामा ‘रिकाम्या’ खोलीत मुक्कामाला होते. रात्री केव्हातरी त्यांनी अंधारात त्या डब्यात हात घातला. सकाळी त्यांनी तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. फक्त चहाचा कप त्यांनी डाव्या हाताने धरला होता.

आवराआवरीचा विषय निघाला की मी फ्रान्सिस बेकनला पुढे करते. लंडनमधल्या ७, रीस म्यूज या पत्त्यावरच्या खोलीत त्याने १९६१ पासून १९९२ मध्ये मरेपर्यंत चित्रं काढली, आणि एवढ्या काळात तिथे कोणी काही आवरल्याची लक्षणं दिसत नाहीत. पुस्तकांची फाडलेली पानं, फोटो, शँपेनची खोकी, वाळून दगड झालेले ब्रश. रंग कालवायला भिंती आणि दार. मध्यंतरी त्याने थेम्सच्या काठी एक चांगलं घर घेतलं होतं, पण पाण्यावरून नाचत येणाऱ्या उजेडात त्याचा हात चालेना. तो परत आपल्या उकिरड्यात आला. त्याच्यामागे हा स्टुडिओ डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीला मिळाला. गॅलरीने पुरातत्त्वाची माणसं लावली. त्यांनी उत्खननात करतात तसे नकाशे काढून सात हजारांहून जास्त वस्तू नोंदवल्या (त्यांत त्याने स्वतःच फाडलेले शंभरेक कॅनव्हास), भिंती, दारं, छत आणि धूळसुद्धा डब्लिनला नेली, आणि २००१ मध्ये तोच पसारा तसाच्या तसा मांडून लोकांना दाखवायला सुरुवात केली.

दिवाळीच्या साफसफाईच्या तोंडावर मी हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘लग्न झालं होतं का त्याचं?’

‘नाही.’

‘वाटलंच.’

झाडूपोछा करणाऱ्या मावशींनी मात्र बेकन मनावर घेतला. जमिनीवरची धूळ उचलून तो ओल्या रंगात वापरायचा, १९४५ च्या एका चित्रातल्या करड्या फ्लॅनेलच्या सुटाला त्याने धुळीनेच पोत आणला, असं मी त्यांना सांगून बसले. त्यांनी केरसुणी दाराशी टेकवली. ‘मग ताई, हितलं आजपासून काढत न्हाई. तुमच्या कामाचं असंल ते.’ पगार अर्थात तोच.

आपल्याकडचा दाखला द्यावा तर वासुदेव गायतोंडे. दिल्लीत निजामुद्दीनला राहायचे. वर्षाकाठी मोजकी चित्रं. बाकीचा वेळ कोऱ्या कॅनव्हाससमोर स्वस्थ बसून. त्या बसण्यातून निघालेली चित्रं आता लिलावात कोटींच्या कोटी घेऊन जातात. मीही बसते. माझं बसणं सुरू झालं, की स्वयंपाकघरातून हाक येते, ‘मोकळी आहेस ना? कुकर बंद कर, तीन शिट्ट्या झाल्या.’ हातात ब्रश असेल तर हाक जरा उशिरा येते. म्हणून हल्ली मी विचार करतानाही ब्रश हातात धरते.

सगळ्यांत जुने भाडेकरू नाना, माझे सासरे. चहा झाला की ते वर्तमानपत्र घेऊन खिडकीशी खुर्ची टाकतात ते जेवायची हाक येईपर्यंत. शब्दकोड्याचा माणूस हलत नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मॉडेलला पैसे मोजून जी स्थिरता मिळत नाही, ती नाना फुकट देतात. गेल्या महिन्यापासून मी त्यांचं पोर्ट्रेट करते आहे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पेन्सिल कानावर, कपाळाच्या डाव्या बाजूला आभाळाचा तो थंड उजेड. जमत आलंय. काल कपाळावरचा तो प्रकाश नीट पाहावा म्हणून मी ईझलसकट थोडी पुढे सरकले.

‘सूनबाई,’ मान वर न करता नाना म्हणाले, ‘तुझं ते लाकूड जरा मागे घे. उजेड अडतोय.’

मी घेतलं मागे. आता मानेचा कोन बदलला तर महिन्याचं काम पाण्यात, म्हणून आडवे सातचं उत्तर केव्हापासून माहीत असून मी सांगत नाहीये.