सप्रेम भेट, दाखल क्रमांकासह

आमच्या तालुक्याच्या गावात सध्या दोन प्रकारची माणसं आढळतात. ज्यांचं पुस्तक आलं आहे अशी आणि ज्यांचं छापायला गेलं आहे अशी. वाचणारी म्हणून एक तिसरी जमात पूर्वी होती, असं जुनी मंडळी सांगतात. तिचं पुढे काय झालं, हा शोध पुरातत्त्व खात्याने घ्यावा.

एके काळी लेखक आणि छापखाना यांच्या मधोमध प्रकाशक नावाचा एक खडूस गृहस्थ बसलेला असे. तो हस्तलिखित सहा महिने दाबून ठेवी आणि 'साभार परत'ची चिठ्ठी लावून धाडून देई. त्या चिठ्ठीने मराठी वाचकांवर किती उपकार केले, याचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही. आता हा गृहस्थ मधून उठला आहे. डीटीपीवाला मजकूर घेतो, आगाऊ रक्कम घेतो आणि मजकुराबद्दल चकार शब्द काढत नाही. मुखपृष्ठावर उगवता सूर्य, उडते पक्षी की पाठमोरी मुलगी, एवढंच विचारतो. थोडे पैसे जास्त मोजले तर तिन्ही मिळतात. पंधरवड्यात गठ्ठे टेम्पोतून घरी येतात आणि पलंगाखाली सरकवले जातात.

"हे इथे किती दिवस राहणार?" हा घरातून आलेला प्रश्न म्हणजे पुस्तकावरचा पहिला अभिप्राय. तिथूनच प्रचाराला सुरुवात होते. नातेवाइकांत वाटून होतं, सोसायटीत वाटून होतं, दोन-चार लग्नांत आहेर म्हणूनही खपवून होतं. तरी पलंग जमिनीला टेकत नाही. मग लेखकाला आठवतं की आपल्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे. ते नेमकं कुठे आहे, हे मात्र रिक्षावाल्याला विचारावं लागतं.

अशा समस्त लेखकांना आपण सोयीसाठी लेखकराव म्हणू. लेखकराव बँकेतून निवृत्त झालेले असतात, शाळेतून असतात किंवा पाटबंधारे खात्यातून. पुस्तक नर्मदा परिक्रमेवर असतं, न्यू जर्सीत मुलाकडे काढलेल्या सहा महिन्यांवर असतं, नाही तर चारोळ्यांचं. वाचनालयाच्या पायऱ्या चढताना त्यांच्या पिशवीत पुस्तकांबरोबर एक कागदही असतो. त्यावर तेरा आकडे असतात. तो आयएसबीएन. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची दिल्लीतली सरकारी यंत्रणा तो फुकट देते. पुस्तक वाचून देत नाही. ज्याने अर्ज नीट भरला त्याला देते. पण क्रमांक दिल्लीहून आला म्हटल्यावर दिल्लीने पुस्तक वाचलं, असा लेखकरावांचा समज होतो आणि निमंत्रणपत्रिकेत 'आयएसबीएन मानांकनप्राप्त ग्रंथ' अशी ओळ येते.

दिल्लीवर एवढी श्रद्धा असलेल्या लेखकरावांना एक कायदा मात्र कोणी सांगितलेला नसतो. १९५४ च्या कायद्यानुसार पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांच्या आत प्रकाशकाने स्वखर्चाने प्रती पाठवायच्या असतात. एक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, एक चेन्नईच्या कॉनेमारा ग्रंथालयाला, एक दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयाला आणि एक मुंबईच्या टाऊन हॉलमधल्या ग्रंथालयाला. स्वतःच पैसे घालून पुस्तक काढलं की लेखकरावच प्रकाशक ठरतात. नाही पाठवलं तर पन्नास रुपयांपर्यंत दंड आणि वर पुस्तकाची किंमत. लेखकरावांनी आजी आमदारांना प्रत दिली, माजी आमदारांना दिली, भावी आमदारांना तर दोन दिल्या. पण त्यांचं पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवणं हेच ज्यांचं काम आहे, त्या चार ठिकाणी एकही प्रत गेली नाही. तिथे प्रत स्वीकारताना फोटो काढत नाहीत ना!

वाचनालयात शिरल्यावर लेखकरावांना वरच्या मजल्यावर चाळीस तरुण पुस्तकात डोकं खुपसून बसलेले दिसतात. त्यांचा ऊर भरून येतो. कोण म्हणतो नवी पिढी वाचत नाही! ही अभ्यासिका असल्याचं आणि ही मुलं राज्यसेवेच्या चालू घडामोडी पाठ करत असल्याचं ग्रंथपाल मॅडम हळूच सांगतात. लेखकराव तरीही एका मुलासमोर पुस्तक धरतात. मुलगा नम्रपणे विचारतो, "सर, यातलं काही परीक्षेला येतं का?" पुस्तकाच्या एकूण आयुष्यात त्याबद्दल कोणी विचारलेला हा एकमेव प्रामाणिक प्रश्न.

पुढची पायरी म्हणजे प्रकाशन सोहळा. वाचनालयाचं सभागृह मिळतं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, रेशमी फीत हे सगळं यथासांग होतं. प्रमुख पाहुणे "पुस्तक कालच हाती आलं, वेळेअभावी पूर्ण वाचता आलं नाही, पण चाळलं" एवढं सांगून स्वतःच्या आगामी पुस्तकाबद्दल पाऊण तास बोलतात. अध्यक्षांनी चाळलेलंही नसतं, त्यामुळे ते लेखकरावांच्या स्वभावाबद्दल बोलतात. समोरच्या खुर्च्यांवर लेखकरावांचं कुटुंब, इतर पाच लेखकराव आणि बटाटेवड्याच्या वासाने आत आलेले पेपरवाचनाचे नियमित सभासद बसलेले असतात. त्या पाच लेखकरावांनी यायचंच असतं. त्यांच्या प्रकाशनाला हे गेले होते. एकमेकांच्या टाळ्यांची ही भिशी आमच्या गावात गेली कित्येक वर्षं एकही हप्ता न चुकवता चालू आहे.

सोहळ्यात लेखकराव वाचनालयाला दहा प्रती भेट देतात. पहिल्या पानावर 'सप्रेम भेट', खाली लफ्फेदार सही. देताना निमंत्रणपत्रिकेच्या पाठीमागे त्यांनी एक गणितही मांडलेलं असतं. राज्यात शासनमान्य वाचनालयं अकरा-बारा हजार. पुस्तक शासनमान्य यादीत आलं आणि प्रत्येकाने एकच प्रत घेतली तरी बारा हजार प्रती! मराठीत बारा हजार प्रती गेल्या की माणूस थेट साहित्य संमेलनाच्या मंडपात उभा राहतो. अध्यक्षीय भाषणाचा पहिला परिच्छेद तयारच असतो.

या गणितात एक बाब राहून जाते. १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाखाली या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळतं. काही वर्षांपूर्वी त्यात ६० टक्के वाढ झाली, तेव्हा 'ड' वर्गाच्या वाचनालयाचं अनुदान वर्षाला ४८ हजार झालं. महिन्याचे चार हजार. त्यात ग्रंथपालाचं मानधन, विजेचं बिल, वर्तमानपत्रं आणि उरलंच तर पुस्तकं. प्रकाशन सोहळ्याच्या शाली, हार, फ्लेक्स आणि वडे यांचा खर्च त्या वर्षभराच्या अनुदानाच्या आसपास सहज जातो. त्या पैशांत गावातल्या वाचनालयाचं एक वर्ष निघालं असतं, हे लेखकरावांना कोणी सांगत नाही. सांगितलं तरी वर्षाचा फोटो कसा काढणार?

इकडे ग्रंथपाल मॅडम दहा प्रती दाखल नोंदवहीत चढवतात. दहा ओळी, दहा दाखल क्रमांक, आतल्या पानांवर शिक्के, ड्युईच्या दशांश पद्धतीप्रमाणे मराठी साहित्याचा ८९१.४६. आता पुस्तकाला कपाट आहे, क्रमांक आहे आणि कुलूपही आहे. ही दहा पुस्तकं कधी काढून टाकायची म्हटलं तर यादी, ठराव, मंजुरी असे सोपस्कार आहेत. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. त्यांतला तिसरा सांगतो, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. पाचवा सांगतो, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. पाचवा सिद्धान्त लेखकरावांनी एकहाती सिद्ध केला आहे. तिसऱ्याची जबाबदारी त्यांनी मॅडमवर सोपवली आहे.

आणि तपासणीसाठी ते रोज येतात. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची पट्टी उघडून पाहतात. ती कोरी असते. मग ते आपलं पुस्तक खालच्या फळीवरून डोळ्यांच्या पातळीवरच्या फळीवर आणतात आणि तिथल्या एका ज्ञानपीठ विजेत्याला खाली बसवतात. संध्याकाळी मॅडम दोघांनाही आपापल्या जागी पाठवतात. पुढच्या आठवड्यात सूचना वहीत 'सदर पुस्तकाच्या आणखी प्रती मागवाव्यात' अशा तीन मागण्या येतात. सह्या तीन, वळण एकच आणि ते 'सप्रेम भेट'मधल्या वळणाशी तंतोतंत जुळणारं. अखेर मेव्हण्याच्या कार्डावर पुस्तक घरी जातं. पट्टीवर पहिला शिक्का पडतो. त्या रात्री व्हॉट्सॲपच्या सगळ्या गटांवर संदेश फिरतो, 'वाचकांचा उदंड प्रतिसाद!'

याच वाचनालयात एक काडेपेटीसारखं दिसणारं पुस्तक आहे. सातबारा कसा वाचावा, फेरफार नोंद कशी पाहावी, वारसनोंदीला कोणते कागद लागतात, एवढंच त्यात आहे. एका निवृत्त तलाठ्याने स्वतःच छापलेलं. मुखपृष्ठावर सूर्य नाही, पक्षी नाहीत, मुलगी तर नाहीच. प्रकाशन झालं नाही. तलाठीअण्णा दोन प्रती काउंटरवर ठेवून, पोचपावती न मागता गेले. त्यातली एक प्रत सतत बाहेर असते. तिच्या कडांना पट्ट्या लावल्या आहेत, तारखांची पट्टी दोनदा बदलली आहे आणि समासात लोकांनी गट क्रमांक लिहून ठेवले आहेत. दुसरी प्रत चोरीला गेली. मॅडमनी नोंदवहीत तिच्यापुढे 'हरवले' असा शेरा मारला आहे. मराठीत याहून मोठा वाङ्मयीन पुरस्कार अद्याप जाहीर झालेला नाही.

ही वार्ता लेखकरावांच्या कानी गेली आणि त्यांना रात्रभर झोप आली नाही. सकाळी ते आले आणि आपल्या पुस्तकाची एक प्रत दाराजवळच्या बाकावर 'विसरून' गेले. दुपारी पेपरवाल्या आजोबांनी ती काउंटरवर जमा केली. मग प्रत एसटी स्थानकावरच्या बाकावर विसरण्यात आली. एका कंडक्टरने आतला शिक्का वाचून ती वाचनालयात पोचती केली. गावात प्रामाणिकपणा अजून शिल्लक आहे, हे लेखकरावांच्या पुस्तकामुळे सिद्ध झालं. साहित्याचं सामाजिक योगदान यालाच म्हणत असावेत.

शेवटी लेखकरावांनी मॅडमना स्पष्टच विचारलं, "लोक माझं पुस्तक का नेत नाहीत?"

"सर, तुमचा सभासद क्रमांक सांगता का? बघते, तुम्ही आजवर काय काय नेलंय, म्हणजे तुमच्यासारख्या वाचकांना तुमचं पुस्तक सुचवता येईल."

लेखकराव गोंधळले. "मी सभासद नाही हो. वर्गणीचं काही नाही, आत्ता भरतो. पण वाचायला वेळ कुठे आहे? दुसऱ्या पुस्तकाचं काम चालू आहे."

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं. तेव्हा पुस्तकं दुर्मीळ होती आणि वाचायला आसुसलेली माणसं वर्गणी काढत होती. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ साली निघालं ते मराठीतले ग्रंथ एका जागी जमवावेत म्हणून. ते काम आता इतकं फत्ते झालं आहे की ग्रंथ आपल्या पायांनी चालत येतात आणि परत जायला तयार होत नाहीत. जमवायचे राहिले आहेत ते वाचक. त्यांना ना आयएसबीएन, ना शासनमान्य यादी.

म्हणून आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने नुकताच एक ठराव केला. यापुढे लेखकाकडून भेटपुस्तक स्वीकारताना त्याचं सभासदत्व पाहिलं जाईल आणि एका प्रतीमागे त्याने इतरांची दहा पुस्तकं नेऊन परत केलेली असावीत. कार्यवाहांचा हिशेब सरळ होता. गावातले सगळे लेखक सभासद झाले तरी सभासदसंख्येच्या अटीत वाचनालय बसेल, 'ड'चा 'क' होईल, अनुदान वाढेल आणि वाढलेल्या अनुदानातून लेखकांचीच पुस्तकं रोख विकत घेता येतील. इतका लेखकहिताचा ठराव महाराष्ट्रात दुसरीकडे झाला नसेल.

सूचना फलकावर लागली त्या दिवसापासून भेटपुस्तकं यायची थांबली. सहाही लेखकरावांनी संयुक्त पत्रक काढून या साहित्यद्रोही ठरावाचा निषेध केला. पत्रक स्वखर्चाने, हजार प्रती. आमच्या लेखकरावांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती पुढच्या महिन्यात येत आहे. तिचं प्रकाशन शेजारच्या तालुक्यात होईल. तिथल्या वाचनालयात असले काही नियम नाहीत आणि सभागृह वातानुकूलित आहे.