पोचा ठेवायचा की बुजवायचा

जुन्नर-आंबेगावकडे जुनी वस्तू कुणाच्या नजरेस पडली की तिला ऑइलपेंट लागलाच म्हणून समजावं. वेशीवरचा मारुती शेंदराखाली कधीच गडप झालेला असतो. दीपमाळ, वीरगळ, वाड्याच्या ओसरीवरचे सागवानी खांब यांचाही नंबर जत्रेच्या आधी लागतो. हेतू कुणाचाच वाईट नसतो. प्रेम उलट फार असतं, आणि डब्यात उरलेला रंग वाया कसा घालवायचा, हाही प्रश्न असतोच.

आमच्या गोठ्याशेजारच्या शेडमधल्या जीपवर आता ही वेळ आली आहे. महिंद्राची सीजे-थ्री-बी, उंच बॉनेटवाली. अण्णांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, ती सरकारी लिलावात घेतली. त्याआधी ती पाटबंधारे खात्याकडे होती. कुकडी प्रकल्पाची कामं चालू असताना साहेब लोक हिच्यात बसून माणिकडोह, वडज, डिंभे असे फिरायचे, असं अण्णा सांगतात. पुढे धरणं भरली, कालवे आले, कालव्यामागून ऊस आला आणि उसामागून बिबट्या आला. डिंभ्याच्या पाण्यात खुद्द आंबेगाव गेलं. तालुक्याचं नाव तेवढं तेच राहिलं, कचेऱ्या घोडेगावात. या सगळ्या उलथापालथीच्या सुरुवातीला जे धुरळा उडवत गेले त्यांच्यात आमची जीपही असणार. आता तिला दारं नाहीत म्हणून रात्री तिच्यातून मळ्यात जायला कुणी धजत नाही.

पुतण्या हिंजवडीत नोकरीला आहे. त्याचं म्हणणं, "काका, फुल रिस्टोअर करू. ऑलिव्ह ग्रीन मारू आणि बॉनेटवर पांढरी चांदणी." मी त्याला म्हटलं, बाबा रे, पहिली गोष्ट, लष्कराशिवाय कुणी गाडीला ऑलिव्ह ग्रीन लावायचा नाही, असा मोटार वाहन नियमच आहे. दुसरी गोष्ट, हे मॉडेल अमेरिकेत विलीजनं काढलं 1953 साली. नवं इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं, ते मावेना म्हणून बॉनेट उंच केलं. तेव्हा महायुद्ध संपून आठ वर्षं झाली होती. हिनं नॉर्मंडी पाहिलेली नाही, हिनं पाहिलाय येडगावचा कालवा. चांदणी कशाची लावतोस?

तो थोडा खट्टू झाला. मग म्हणाला, "मग ओरिजिनल कलर मारू." ओरिजिनल कोणता, हे बघायला आम्ही उजव्या मडगार्डवर नखानं खरवडलं. वर अण्णांचा लाल. त्याखाली हिरवा, तो कुणी मारला याचा घरात कुणालाच पत्ता नाही. त्याखाली करडा, आणि करड्याखाली पुन्हा एक मळकट पांढरा. इंजिनाचीही तीच गत. मूळचं पेट्रोल इंजिन परवडेना म्हणून अण्णांनी ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवलं. त्या काळी असं पुष्कळांनी केलं. म्हणजे मूळ रूपात न्यायचं तर अण्णांची सगळी कारकीर्द पुसून पाटबंधारे खात्यापर्यंत मागं जावं लागणार. अण्णा समोर खाटेवर बसलेले असताना हे त्यांना सांगायचं कुणी?

दुसरा पक्ष माझ्या चुलत मेव्हण्यांचा. ते पुण्यात राहतात, पुस्तकं वाचतात. एक ओरखडासुद्धा पुसू नका, असा त्यांचा आग्रह. त्यांनी नाणेघाटाचा दाखला दिला. तिथल्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरल्या होत्या. त्या झिजून जवळजवळ गेल्या, वरची नावं तेवढी राहिली. तिथं कुणी सिमेंटची नवी नाकं बसवली का? दाखला बिनतोड आहे. फक्त लेणं दगडाचं आहे आणि जीप पत्र्याची. आमच्याकडचा पावसाळा म्हणजे काय चीज आहे ते पत्र्याला विचारावं. जीपच्या तळाला एवढं भोक पडलंय की ड्रायव्हरनं बसल्या जागी जमीन सारवावी. आणि खरं बोलायचं तर मेव्हणे ज्याला जतन म्हणतात ते आमच्या घरात गेली कित्येक वर्षं चालूच आहे. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. तिला कुणी हात लावलेला नाही.

सरकारनंही 2021 मध्ये यात लक्ष घातलं. पन्नास वर्षांवरची गाडी असेल, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसेल, तर तिची व्हिंटेज म्हणून वीस हजार रुपये भरून नोंदणी करता येते. नंबरात व्हीए ही अक्षरं मिळतात. मग ती रोज चालवायची मात्र नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. अण्णांनी नियम नीट ऐकून घेतला आणि विचारलं, "म्हणजे डिझेल भरायला जायचं आणि डिझेल जाळत परत यायचं? टोमॅटोचे क्रेट नारायणगावला कुणी न्यायचे?" शिवाय ट्रॅक्टरच्या इंजिनानं ती वाट आधीच बंद केलेली आहे.

माझं मत विचाराल तर ज्यानं जीव जाऊ शकतो ते आधी नवं करावं: ब्रेक, वायरिंग, तळाचा पत्रा. बाकीच्याला हात लावण्याआधी ते तसं का आहे, हे घरात विचारून घ्यावं. टेलगेटच्या साखळीवर सायकलची जुनी ट्यूब चढवलेली आहे. पुतण्या ती कापून फेकायला निघाला होता. साखळी खडखडली की अण्णांची आई झोपेतून उठायची, म्हणून ती चढवली होती. पहाटे भाजी घेऊन निघताना म्हातारीची झोपमोड नको. क्रोमची नवी साखळी लावली तर ही गोष्ट सांगायला निमित्त उरणार नाही.

मिस्त्रीला घेऊन आलो. त्यानं बॉनेटवर बोटानं ठोकून पाहिलं आणि माणूस जावयाकडे बघतो तशा कौतुकानं म्हणाला, "भाऊ, पत्रा बघा, पत्रा! आता असा पत्रा येत नाय." मग तो डाव्या मडगार्डाकडे वळला. तिथं परातीएवढा पोचा आहे. "हा ठोकून काढतो, वर लांबी भरतो, कळणारबी नाय."

"त्याला हात लावायचा नाही," स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज आला. तो पोचा आतोबांनी पाडलेला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, मला येते चालवता म्हणून बसले आणि जीप थेट विहिरीच्या थारोळ्यावर घातली. आतोबा पुढे हेडमास्तर झाले. सबंध हयात त्यांनी पोरांना चुका कबूल करायला लावल्या, पण या पोच्याचा विषय निघाला की त्यांना बाहेर काहीतरी काम आठवतं. इतके दिवस ते या वादात पडले नव्हते. त्या दिवशी मात्र चष्मा पुसत म्हणाले, "मला वाटतं, संपूर्ण नूतनीकरणच योग्य." तेव्हा मला आमच्यातले दोन्ही पक्ष जरा नीट कळले.

शेवटी ब्रेक, वायरिंग आणि तळ एवढंच काम ठरलं. रंगाचं दिवाळीनंतर बघू, असं म्हणून सगळे उठले. कोंबडीची टोपली तात्पुरती गोठ्यात हलवली, तीही कुरकुरत.

परवा मिस्त्रीचा फोन आला. "भाऊ, त्या मडगार्डाचं काय करू? तुमच्याकडून दोन फोन आलेत. सर म्हणतात, गुपचूप बुजव, पैसे मी देतो. ताई म्हणतात, बुजवलास तर परत पाडून घेईन, त्याचे पैसे मी देते. मला दोन्ही कामं जमतील. फक्त बिल एकच करू का वेगवेगळं?"