आधी टायर की आधी क्लच?

साइड-बाय-साइड म्हणजे दोन आसने शेजारी-शेजारी असलेले, डांबरी रस्ता सोडून चालण्यासाठी बनवलेले छोटे चारचाकी वाहन. नागाव-काशीदच्या किनाऱ्यावर पर्यटकांना भाड्याने मिळणाऱ्या चारचाकीवर टांग टाकून बसावे लागते आणि ती हँडलने वळवावी लागते. याउलट साइड-बाय-साइडमध्ये मोटारीसारखे स्टिअरिंग, पायाखाली ब्रेक व अ‍ॅक्सिलरेटर, अंगावर पट्टा, आणि गाडी उलटलीच तर डोके वाचावे म्हणून वरती लोखंडी नळ्यांचा पिंजरा असतो. कावासाकी कंपनीने 1988 मध्ये अशा वाहनाला ‘म्यूल’, म्हणजे खेचर, हे नाव देऊन ते बाजारात आणले, तेव्हा त्याच्याकडून अपेक्षाही खेचराच्याच होत्या: कुंपणाचे खांब, चाऱ्याचे भारे आणि फार तर एखादे आजारी वासरू इकडून तिकडे न्यावे. 2007 मध्ये आलेली पोलॅरिस कंपनीची ‘रेझर’ मात्र चाऱ्याकडे ढुंकूनही पाहणारी नव्हती. अमेरिकेतील राष्ट्रीय वनांच्या कित्येक वाटांवर 50 इंचांहून रुंद वाहनाला मज्जाव असल्यामुळे ती बरोबर तेवढ्याच रुंदीत बसवलेली होती. पुढे रुंदी 64 आणि 72 इंचांवर गेली, ताकद दोनशे अश्वशक्तीच्या पलीकडे पोचली, वरच्या मॉडेलांची किंमत तीस हजार डॉलर ओलांडू लागली, आणि युटा, अ‍ॅरिझोना व कॅलिफोर्निया या राज्यांच्या वाळवंटी मुलखात या वाहनाबरोबर एक नवा मनुष्यप्रकार उदयास आला, ज्याचा उल्लेख येथे सोयीसाठी ‘सुधारक’ असा केला आहे.

सुधारकाचे मूळ लक्षण हे की कारखान्यातून आलेली गाडी त्याच्या लेखी तयार माल नसून कच्चा माल असते. जिच्यात एकही बदल झालेला नाही अशा गाडीला हे लोक ‘स्टॉक’ म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना त्यांच्या स्वरात इतकी कणव दाटते की ऐकणाऱ्याला गाडीची नव्हे, तर मालकाची काळजी वाटू लागते. गाडी शोरूममधून ट्रेलरवर चढते त्या दिवशी तिच्यासाठी मागवलेली पहिली खोकी सुधारकाच्या दारात आधीच येऊन पडलेली असतात. ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ ही म्हण येथे लागू पडत नाही, कारण मुळात कोंबडीच भयंकर महाग आहे. मसाल्याने मात्र म्हणीतले प्रमाण गाठण्याची जिद्द सोडलेली नाही.

या वृत्तीची शास्त्रीय बाजूही पाहण्यासारखी आहे. देनी दिदरो या फ्रेंच विचारवंताने अठराव्या शतकात लिहिलेल्या एका निबंधात अशी तक्रार आहे की नवा उंची झगा घरात आला आणि त्याच्यापुढे जुनी खुर्ची, जुने मेज, भिंतीवरची जुनी चित्रे अशी एकेक वस्तू दरिद्री दिसू लागून बदलावी लागली. खरेदीतून खरेदी उपजण्याच्या या साखळीला ग्रँट मॅक्रॅकन या मानववंशशास्त्रज्ञाने 1988 मध्ये ‘दिदरो परिणाम’ असे नाव दिले, म्हणजे खेचर आणि त्याचे शास्त्र ही दोन्ही एकाच वर्षी बाजारात आली. फरक इतकाच की दिदरोच्या वस्तू एकमेकींशेजारी नुसत्या विशोभित दिसत होत्या. सुधारकाच्या वस्तू एकमेकींना मोडतात.

याचे सर्वांत सुबोध उदाहरण म्हणजे समोरची काच. खेळासाठी बनवलेल्या बहुतेक मॉडेलांना कारखान्यातून काच येत नाही, आणि पुढच्या गाडीच्या चाकाने उडवलेला खडा एकदा कपाळावर बसला की सुधारक ती मागवतो. ही काच वास्तविक पॉलिकार्बोनेटची, म्हणजे आघाताने सहसा न फुटणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकची असते. ती बसवल्यावर पुढून येणारी धूळ थांबते आणि मागून येऊ लागते. कारण गाडी धावत असताना काचेच्या आड, नेमका माणसांच्या जागी, हवेचा दाब कमी होतो आणि मागच्या चाकांनी उधळलेला फुफाटा त्या जागेत ओढला जातो. कपाळ वाचवायला निघालेला मनुष्य असा अक्षरशः फुफाट्यात पडतो. मग मागची काच येते. दोन्ही बाजू बंद झाल्या की आसनांच्या पाठीशी असलेल्या इंजिनाची धग आणि अ‍ॅरिझोनाचे ऊन यांचा आत संगम होतो, म्हणून छप्पर, छपरानंतर समोरच्या काचेला झडपा, आणि झडपांनीही भागेना तेव्हा बिजागरीवर वर उचलता येणारी दुसरी, अधिक महाग काच घेतली जाते. ही काच वर उचलून ठेवली की चेहऱ्याला पूर्वी फुकट लागत होता तोच वारा लागतो, आणि सुधारक कृतकृत्य दिसतो. पॉलिकार्बोनेटवरची धूळ कोरडी पुसली तर कायमचे ओरखडे उठतात; त्यामुळे एखाद्या पाहुण्याने सद्भावनेने बाही पुढे केली की “पाणी! आधी पाणी!” असा जो आक्रोश होतो, तो ऐकून आसपासचे लोक कोणाला तरी भोवळ आली असावी अशा समजुतीने धावत येतात.

काच हा मात्र बालवर्ग झाला. तात्त्विक लढाई सुरू होते ती टायरांवरून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ या प्रश्नावरून टिळक आणि आगरकर या दोन मित्रांत जो वाद पेटला, त्याची तीव्रता ज्यांना ठाऊक आहे त्यांना ‘आधी टायर की आधी क्लच’ या वादाचे गांभीर्य समजावून सांगण्याची गरज नाही. साइड-बाय-साइडच्या बहुतेक मॉडेलांत पहिला, दुसरा, तिसरा असे टप्प्याटप्प्यांचे गिअर नसतात. दोन शंक्वाकार पुल्या असतात, त्यांनाच क्लच म्हणतात, आणि त्या उघडत-मिटत असताना त्यांच्यावरून फिरणारा एक रबरी पट्टा इंजिनाची ताकद चाकांकडे पोचवतो. मोठा टायर हा प्रत्येक फेऱ्यात अधिक जमीन कापतो आणि वजनालाही भारी असतो, त्यामुळे गाडी हलवायला अधिक जोर लागतो, पट्टा पुलीवर घसरतो, घसरल्याने तापतो आणि तापल्याने एका निर्णायक चढावर तुटून त्याचे धागे पुलीला गुंडाळले जातात. पट्टा एका अर्थी फ्यूजचेच काम करतो, हे खरे, पण फ्यूज उडाल्यावर घर चार मैल ढकलत न्यावे लागत नाही. म्हणून टायरपक्षीय लोक शेवटी क्लचमधली वजने व स्प्रिंगा बदलतात आणि क्लचपक्षीय लोक क्लच सुधारून झाल्यावर, आता झालाच आहे खर्च तर, या न्यायाने मोठे टायर घेतात. दोन्ही पक्ष एकाच ठिकाणी येऊन पोचले तरी आपणच योग्य मार्गाने आलो याविषयी त्यांचे एकमत होत नाही.

एवढ्यावर भागत नाही. मोठे टायर कमानीला घासतात म्हणून गाडी उचलण्याचा संच बसवतात, त्याने गाडीचा गुरुत्वमध्य वर जाऊन ती उलटण्याची शक्यता वाढते, शिवाय चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचा कोन तिरका झाल्याने त्यांचे सांधे लवकर झिजतात. मग जाड दांडे येतात, आणि जे मोडायचे ते त्यांच्या पुढच्या भागात मोडू लागते. ज्या गाड्यांचा वेगमापक गिअरपेटीच्या फेऱ्यांवर चालतो त्यांत मोठ्या टायरांमुळे वेग प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो, म्हणून उपग्रहावरून वेग सांगणारे यंत्र खरेदी केले जाते. हळू चालताना, ओझे ओढताना आणि चढावर ‘लो’ गिअर टाकणे हा पट्टा वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय असून तो गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत छापलेला असतो. परंतु तो खोक्यातून घरपोच येत नसल्यामुळे या वर्गात त्याचा प्रसार झालेला नाही.

विजेच्या बाबतीत सुधारक अधिकच उदार होतो. गाडीच्या नाकावर विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारा विजेचा रहाट, असायलाच हवा, यात शंका नाही. मात्र विंचवर छापलेली साडेचार हजार पौंडांची ओढ ही रिळावर दोराचा पहिलाच थर असतानाची असते, वर थर चढतील तशी ती घटत जाते आणि जोडीला एक साधी कप्पी घेतली तर ती जवळजवळ दुप्पट करता येते, या माहितीपेक्षा दोराचा रंग गाडीला शोभतो की नाही या प्रश्नाला त्याच्याकडे अधिक वेळ असतो. छपरावरची एलईडी पट्टी रात्रीचा दिवस करते. धुळीत मात्र तोच प्रकाश धुळीवरून उलटून डोळ्यांत येतो, म्हणून खाली पिवळे दिवे लागतात. कॅलिफोर्नियातील इम्पिरियल सँड ड्यून्स या वाळूच्या टेकड्यांवर पलीकडून चढणारी गाडी दिसावी म्हणून उंच लवचीक काठीवर झेंडा लावणे बंधनकारक आहे. इतक्या शहाण्या नियमाचेही सुधारकाने गाण्याच्या तालावर रंग बदलणाऱ्या प्रकाशकाठ्यांच्या जोडीत रूपांतर करून दाखवले आहे. इंजिनावरची वीज निर्माण करणारी यंत्रणा हे सर्व पोसायला पुरत नाही, तेव्हा दुसरी बॅटरी येते आणि तिच्याबरोबर व्होल्टमीटर, ज्याच्यामुळे मालकाला पूर्वी अंधारात असलेली चिंता आता आकड्यांत वाचता येते.

सुधारणा म्हणजे काही काढून टाकणेही असू शकते, ही कल्पना या वर्गाला मानवत नाही, वस्तुतः या क्षेत्रातील एक गाजलेली सुधारणा नेमकी तशीच होती. यामाहाच्या ‘रायनो’ या वाहनाच्या उलटण्याच्या अपघातांनंतर 2009 मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाबरोबर कंपनीने मोफत दुरुस्ती जाहीर केली. तीत मागच्या चाकांना अंतर वाढवणारे तुकडे लावण्यात आले आणि वळणावर गाडीचे कलणे रोखण्यासाठी दोन्ही बाजूंच्या सस्पेन्शनला जोडणारा मागचा दांडा चक्क काढून टाकण्यात आला. सुधारकांनी या घटनेतून निम्माच बोध घेतला, आणि तो तुकड्यांविषयीचा होता.

घरातील परिस्थिती थोडक्यात सांगता येईल. दोन मोटारींसाठी बांधलेल्या गॅरेजमध्ये एकही मोटार नसते. तेथे काढून ठेवलेले मूळ भाग असतात, जे ‘कधी विकायची वेळ आली तर’ या हेतूने जपलेले असतात आणि ज्यांच्यापासून जवळजवळ एक संपूर्ण स्टॉक गाडी पुन्हा उभी करता येईल. शेजारच्या आसनावर बसणाऱ्या पत्नीने फार पूर्वी हाताला धरायला एक मूठ मागितलेली असते. मूठ म्हणजे दोन बोल्टांवर पिंजऱ्याच्या नळीला आवळायची एक स्वस्त वस्तू. तिच्याविषयी विचारले असता ती यादीत आहे, असे उत्तर मिळते, आणि ते खोटे नसते, कारण यादी लांब आहे.

या सर्वाला छेद देणारा प्राणी म्हणजे त्याच मुलखातला गुरे पाळणारा शेतकरी, ज्याच्याकडे त्याच कंपनीची कामाची गाडी असते आणि तिच्यातील एकमेव दृश्य सुधारणा म्हणजे मागच्या हौद्यात तारेने बांधलेली प्लास्टिकची बादली. बादलीत जादा पट्टा आणि तो बदलण्याचे हत्यार, पंक्चर बुजवण्याच्या रबरी वाती, छोटा पंप, कमी दाबही नीट दाखवणारा हवामापक, ग्रीसची पिचकारी आणि आग विझवण्याचे नळकांडे असते. हवेचा फिल्टर तो दर रविवारी उघडून पाहतो, कारण धुळीने इंजिन खाल्ले की त्यावर कोणताही संच मिळत नाही, हे त्याला ठाऊक असते. सुधारकाच्या शोभेच्या अर्ध्या सामानापेक्षा ही बादली उपयोगी आहे, असे म्हणावेच लागते. पण बादलीचा फोटो कोणी काढत नाही.

या दोघांची गाठ बहुधा एकाच परिस्थितीत पडते. सुधारकाचा पट्टा एखाद्या कोरड्या ओढ्याच्या चढावर तुटलेला असतो. जादा पट्टा त्याच्याजवळही असतो, परंतु पट्ट्याच्या झाकणावर आड आलेली दुसऱ्या बॅटरीची चौकट काढल्याशिवाय तेथे हात पोचत नाही आणि त्या चौकटीच्या खास बोल्टांना लागणारा पाना तिच्याबरोबर आलेल्या खोक्यात, म्हणजे गॅरेजमध्ये असतो. विंचचा उपयोग करावा तर सकाळपासून वाजत असलेल्या चार स्पीकरांनी व्होल्टमीटरवरचा आकडा चिंतेच्याही खाली नेलेला असतो. शेतकरी काही न बोलता दोर बांधतो आणि ओढू लागतो. सुधारक स्टिअरिंग धरून मागे येत असतो, पुढच्या गाडीची धूळ खात असतो, आणि तरीही ओरडून सांगत असतो की या गाडीला निदान आरसे तरी हवेत, मागच्या स्प्रिंगा अगदीच बसल्या आहेत, आणि हे टायर इथल्या खडकांसाठी बनलेलेच नाहीत. कुंपणाच्या फाटकापाशी शेतकरी खाली उतरतो, दोर सोडतो, बादलीत ठेवतो, सुधारकाच्या गाडीभोवती एक सावकाश फेरी मारतो आणि सहज विचारल्यासारखे विचारतो, “ही समोरची काच कितीला पडली?”