सत्तरपैकी सहासष्ट

चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या आयटी पट्ट्यातल्या उंच इमारतींत लक्ष्मीपूजनाला आजीचा राणीछाप रुपया निघतो आणि दंतमंजन लावून लख्ख घासला जातो. त्याची किंमत उतरते ती तिथेच. घासलेलं नाणं संग्राहकाच्या लेखी बाटलेलं. मग उरते नुसती जेमतेम पावणेअकरा ग्रॅम चांदी.

उलट, अमेरिकेचा १७९४ चा चांदीचा डॉलर २०१३ मध्ये एक कोटी डॉलरांवर विकला गेला. जपणुकीचे गुण ७० पैकी ६६. ही सत्तरची पट्टी १९४९ मध्ये विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने आखली, तांब्याच्या सेंटसाठी. माणसांचीही तो अंगकाठीवरून वर्गवारी करायचा. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली सरस सेंट नाणी त्याने आपल्याकडच्या डाव्या नाण्यांशी अदलाबदल करून लांबवली होती, हे मात्र तो गेल्यावर उघड झालं. नाण्यांची पारख पक्की होती म्हणायची!

पट्टीचा न्यायही बघा. ६० पासून पुढचे गुण कधीच न वापरलेल्या नाण्याला. ज्याने हयातभर बाजारहाट केला, ते दहा-बारावर नापास. शोळिंगनल्लूरच्या इंजिनिअरांना हे ऐकून हेवा वाटावा. त्यांच्याकडे बेंचवर बिनकामाचं बसलेल्याला असे गुण कुणी देत नाही. पेशवाईतला सराफ परवडला, झिजलेल्या रुपयाचा बट्टा तोंडावर सांगायचा.

आताच्या ठगांचं तसं नाही. ‘जुनं नाणं लाखांत घेतो, आधी शुल्क भरा’ म्हणणाऱ्यांपासून जपा, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये बजावलं. सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलेली मंडळी ठगांचा तो मेसेज अजून मावशीला पाठवतात, ‘बघ गं, घरात आहे का एखादं.’