मनोरचे तांडेल

मस्तान नाक्यावर उभं राहून 'सेकंडहँडमध्ये काही आहे का?' असं नुसतं पुटपुटलं तरी चार माणसं जमतात. कुणाकडे बोलेरो असते, कुणाकडे दहाचाकी डंपर, कुणाच्या मेव्हण्याचा जेसीबी हप्ते थकल्यामुळे काढायचा असतो. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या आमच्या गावात चाकं असलेली कुठलीही वस्तू जुन्यात मिळते. पण आमच्या तांडेलांना बिनचाकाची हवी आहे. त्यांना बोट हवी आहे. मासेमारीची होडी नव्हे. आत झोपायला दोन बाकं, चहापुरता गॅस, वर टप, मागे इंजिन, अशी नदीतून आठ-आठ दिवस हिंडायची बोट. आणि तीही वापरलेली. नवी बोट घ्यायला नुसता पैसा लागतो, जुनी घ्यायला अक्कल लागते, असं त्यांचं मत आहे. पैसा त्यांच्याकडे बेताचाच आहे, त्यामुळे हे मत पक्कं आहे.

तांडेल हे त्यांचं आडनाव नव्हे. सातपाटीकडे बोटीच्या म्होरक्याला तांडेल म्हणतात. ज्याच्याकडे वल्हंसुद्धा नाही त्याला ही पदवी देण्याची कल्पना नाक्यावरच्या चहावाल्याची. चेष्टेनं दिलेलं नाव त्यांनी मात्र मानानं घेतलं. तारापूरच्या अणुवीज केंद्रात त्यांची हयात पंपांच्या देखभालीत गेली. 1969 साली सुरू झालेलं देशातलं पहिलं अणुवीज केंद्र ते. पण तांडेलांच्या तोंडून अणूचं नाव कधी निघत नाही. त्यांच्या लेखी ते केंद्र म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणारे आणि परत बाहेर सोडणारे पंप, मधे काय चालतं ते साहेब लोक जाणोत. "खारं पाणी लोखंड कसं खातं ते मी बघितलंय," असं ते म्हणतात, तेव्हा समोरचा बोटवाला आपली किंमत मनातल्या मनात थोडी उतरवतो.

मनोरलाच बोट का, असं त्यांना विचारू नये. विचारलंत तर दुपार गेली. ब्रह्मगिरीवर त्र्यंबकेश्वरपासून ते सुरुवात करतात. गोदावरी पूर्वेला गेली आणि नाव काढलं, वैतरणा पश्चिमेला आली आणि आपल्या वाट्याला आली. एके काळी खाडीतून मचवे मनोरपर्यंत येत, आतल्या जंगलातला साग इथून समुद्राकडे जाई. "आणि आज?" असं विचारून ते महामार्गावरच्या ट्रेलरांच्या रांगेकडे हात करतात. पुढचं त्यांचं दुखणं म्हणजे धरणं. मोडकसागर 1957 चं, त्याच्या वर अप्पर वैतरणा, मग मध्य वैतरणा. "आमची नदी मुंबईकर नळाला तोंड लावून पिऊन टाकतात. बोटीला खाली उरतं काय? समुद्र देईल तेवढं."

सरकारवर त्यांचा राग वेगळाच आहे. 2016 च्या कायद्यानं देशात 111 राष्ट्रीय जलमार्ग झाले. ती यादी तांडेलांनी छापून आणली. चौदाव्या नंबरला नाव वाचून त्यांनी घरात पेढे आणले. ती ओडिशातली बैतरणी निघाली. पेढे खाऊन झाले होते. कल्याण-ठाण्याची उल्हास नदी यादीत आहे हे त्यांनी सोसलं. पण नागपूरची नाग नदीसुद्धा आहे हे कळल्यापासून विदर्भातला पाहुणा आला की ते फार खोचक बोलतात.

आता बोट कशी हवी याचं गणित. मनोरहून अर्नाळ्यापर्यंत जायचं तर वाटेत पश्चिम रेल्वेचा पूल. त्याच पुलावरून वाढीव बेटावरची माणसं जीव मुठीत धरून स्टेशनवर चालत जायची. तांडेलांना मात्र पुलाखालून जायचं आहे. टप उंच असला तर भरतीला माथा लागणार, पोट खोल असलं तर ओहोटीला गाळात रुतणार. म्हणजे बोट ठेंगणी हवी, पण तांडेल पाच फूट अकरा इंच, आणि बोटीत वाकून उभं राहणं त्यांना मान्य नाही.

भरतीची वेळ ते मोबाइलवर बघत नाहीत. लहानपणी पाठ केलेली पाऊणकी त्यांना अजून येते. तिथीला पाऊणनं गुणायचं की भरतीची वेळ आली. "आठ पाऊण सहा. अष्टमीला सहाची भरती. खाडीत आत मनोरला यायला तिला आणखी वेळ." स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयचा एवढाच उपयोग त्यांना मान्य आहे. मुहूर्त, राहुकाळ, अमृतयोग वगैरे बाकीच्या मजकुराला ते 'जागा भरायला छापलेलं' म्हणतात. मुलीचं लग्न ठरवताना भटजींशी त्यांचा याच विषयावर वाद झाला होता, आणि तो तांडेलांनी जिंकला होता, हे वहिनी अजून विसरलेल्या नाहीत.

बघण्याचा त्यांचा हंगाम पावसाळ्यात येतो. 1 जूनला मासेमारी बंद होते, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, आणि एरवी पाण्याखाली असलेलं अंग उघडं पडतं. एकदा त्यांच्याबरोबर सातपाटीला गेलो होतो. त्यांना हवी तशी बोट तिथे मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं, पण सराव हवा. फायबरच्या एका होडीपाशी ते उकिडवे बसले. खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि नाळेपासून सुरुवात करून वीत-वीत सरकत ठोकू लागले. ठक. ठक. ठक. मग एके ठिकाणी ढब. किल्ली थांबली. पुन्हा ढब. "इथे थर सुटलाय. आत पाणी आहे." मालक म्हणाला, गेल्या वर्षीच रंग दिलाय. "म्हणून तर म्हणतो," असं म्हणत तांडेल मागे गेले. पंख्याजवळ जस्ताचा तुकडा बसवलेला असतो. खारं पाणी आधी जस्ताला खातं, म्हणजे पितळेचा पंखा वाचतो. तो तुकडा नवाकोरा. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, चष्मा कपाळावर नेला आणि मालकाकडे असं पाहिलं की तो बिचारा आपण होऊन म्हणाला, "काका, कालच बसवला." इंजिनाच्या तेलाची पट्टी मात्र त्यानं आधीच काढून दाखवली. तेल दुधासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलेलं असतं; इथे ते काळंभोर होतं. तांडेल किंचित हिरमुसले.

मुख्य गोष्ट ही की त्यांचं निदान खरं असतं. सफाळ्याच्या एका बागायतदारानं त्यांच्याच शब्दावर एक बोट नाकारली आणि दुसरी घेतली, ती अजून चालते. कागदपत्रांतही त्यांचा हात धरणारा नाही. 1917 चा कायदा जाऊन 2021 चा नवा अंतर्देशीय जहाज कायदा आला, नोंदणी कुठे, सर्वेक्षण कुणाचं, मेरीटाईम बोर्डात कुठला अर्ज, सगळं तोंडपाठ. लोक बोटी घेतात, तांडेल बोटी बघतात.

अलंगची वारी ही यातली मोठी. भावनगरजवळ जहाजं तोडतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जहाजाच्या पोटातलं सगळं विकायला मांडतात. गाद्या, बेसिनं, कपबशा, आणि नारिंगी रंगाच्या बंदिस्त लाइफबोटी. तांडेलांनी एकीवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून सांगितलं, "ही उलटली तरी आपोआप सुलटी होते." मी विचारलं, "आतली माणसं?" "पट्टे बांधलेले असले तर तीही." आत शिरून बघितलं तर बाकं आणि पट्टे, वर हातभर खिडक्या. प्रेशर कुकरमध्ये बसून नदी बघण्यातला प्रकार. तरी भाव चालू झाला. चहा आला. व्यापाऱ्यानं सहज विचारलं, नाव काय ठेवणार? "वैतरणा," तांडेल अभिमानानं म्हणाले. व्यापाऱ्याचा चेहराच बदलला. 'वैतरणा' नावाची आगबोट 1888 च्या नोव्हेंबरात कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली आणि सातशेहून जास्त माणसांसह काठियावाडच्या किनाऱ्याजवळ नाहीशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणायचे. तिच्यावरची गाणी त्या मुलखात अजून म्हणतात. व्यापारी म्हणाला, शेठ, नाव बदला, दहा हजार कमी करतो. तांडेलांनी नाव बदललं नाही. मला तेव्हाच शंका आली. दहा हजार सोडणारा मराठी माणूस मी मनोरात तरी पाहिलेला नाही.

अशी माणसं सगळीकडे असतात. पुण्यात ती रविवारी फ्लॅट बघतात, नमुना-सदनिकेतल्या कपाटांची दारं उघडून आत हुंगतात, आणि पार्किंग दक्षिणेला म्हणून परत येतात. बघणाऱ्याला मान असतो. त्याला चहा मिळतो, खुर्ची पुसून देतात, 'काका, तुम्ही सांगा' म्हणतात. घेणाऱ्याला पावती मिळते, आणि त्यानंतर त्याचा फोन कुणी उचलत नाही. तांडेलांना हे मनातून कळलेलं असावं. बोट आली की तिला गळती येणार, आणि नाक्यावर उद्यापासून लोक गळतीबद्दल विचारणार.

वहिनींचा बोटीला पहिल्यापासून विरोध. "वैतरणी ओलांडायला गाय देतात हो, बोट नाही," एवढं एकच वाक्य त्या म्हणायच्या आणि भाजी फोडणीला टाकायच्या. तांडेल त्या विरोधावर फार विसंबून होते. कुठल्याही व्यवहाराच्या शेवटी "घरी विचारतो" म्हणता यायचं.

परवा केळव्याच्या बाजूला दांडा खाडीच्या काठी एक बोट निघाली. कुणीतरी पर्यटकांसाठी घेतलेली, धंदा न चालल्यामुळे काढायची होती. दोन बाकं, गॅस, टप, सगळं तंतोतंत. या खेपेला वहिनीही आल्या, शीतलादेवीचं दर्शन होईल म्हणून. किल्ली नाळेपासून सुकाणूपर्यंत फिरली. ठक, ठक, ठक. ढब कुठेच नाही. जस्त निम्मं खाल्लेलं, म्हणजे प्रामाणिक. तेल काळं. तांडेल आत जाऊन उभे राहिले आणि डोकं टपाला लागलं नाही. ते बाहेर आले तेव्हा त्यांना घाम फुटला होता.

मालक म्हणाला, "तीन लाख." तांडेलांनी ठेवणीतला आकडा काढला, "एक लाख ऐंशी."

"दिली," मालक म्हणाला.

खाडीवर बगळे उभे होते, ते तसेच राहिले. तांडेलांनी माझ्याकडे बघितलं, मी बगळ्यांकडे. मग ते घसा खाकरून म्हणाले, "घरी विचारतो." आणि त्यांच्या लक्षात आलं की घर शेजारीच उभं आहे.

"बरी आहे की," वहिनी म्हणाल्या. "गळत नाही म्हणता ना? घ्या." त्यांनी पर्स उघडली आणि पाचशे एक रुपये विसार म्हणून मालकाच्या हातावर ठेवले. देवीला वाहायचे होते ते.

"अगं, आज नको," तांडेल म्हणाले. आवाज जरा चिरकला. "आज चतुर्थी. चतुर्थी, नवमी, चतुर्दशी, या रिक्ता तिथी. रिक्तेला नवीन वस्तू घेत नाहीत. शास्त्र आहे."

मुलीच्या लग्नापासून वाट बघत असल्यासारखं वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. "चार पाऊण तीन," त्या म्हणाल्या. "तीनला भरती. अडीच वाजलेत. उतरवा पाण्यात."

तांडेलांनी खिशातून किल्ली काढली आणि नाळेपाशी जाऊन बोट पुन्हा पहिल्यापासून ठोकायला घेतली.