बारमाही एकादशी

जिंजा या गावाची ख्याती एकच: इथून नाईल निघते. व्हिक्टोरिया सरोवराचं पाणी युगांडातल्या या गावाच्या कडेने बाहेर पडतं आणि साडेसहा हजार किलोमीटरांवर भूमध्य समुद्राला मिळतं. 1862 मध्ये जॉन स्पीक नावाच्या इंग्रजाने हा उगम 'शोधून काढला'. म्हणजे, बापजाद्यांपासून काठावर मासे धरत आलेल्या लोकांमधून वाट काढत तो पाण्यापाशी पोचला. आता तिथे गांधीजींचा अर्धपुतळा आहे, कारण 1948 मध्ये त्यांच्या अस्थींचा काही भाग इथेही विसर्जित झाला.

आमचा संबंध मात्र नाईलशी नाही, उसाशी. जिथे साखर कारखाना तिथे सातारा-सांगलीकडचा एखादा केमिस्ट असायचाच, आणि त्यातल्या एकाशी माझं लग्न झालेलं आहे.

आल्या आल्या साताऱ्याहून सासूबाईंचा फोन. त्यांचं घड्याळ आमच्या अडीच तास पुढे, त्यामुळे आमचा कुकर लागतो तेव्हा त्यांची जेवणं उरकून चौकशीला भरपूर वेळ मोकळा झालेला असतो.

"तिथली माणसं जेवतात तरी काय?"

"वाफवलेली कच्ची केळी, उकडलेली रताळी, ज्याचा साबुदाणा करतात तो कसाव्याचा कंद, आणि वर दाण्याची आमटी."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आवाज आला, "अगं बाई, एवढे धार्मिक आहेत?"

बाजारामागच्या खाणावळीत जाऊन बसलं की सासूबाईंचं पटायला लागतं. तिथल्या कच्च्या केळ्यांना मटोके म्हणतात आणि ते घाईच्या माणसाचं काम नव्हे. खाणावळीच्या बाई हिरवी केळी सुरीने सोलतात, केळीच्याच पानांत त्यांचं गाठोडं बांधतात, पातेल्याच्या तळाशी देठ अंथरून त्यावर ते ठेवतात आणि कोळशाच्या शेगडीवर निवांत वाफवतात. मग गाठोडं न सोडता वरूनच दोन्ही तळव्यांनी दाबून आतली केळी मळतात आणि पुन्हा वाफेला लावतात. पान उघडलं की आत पिवळाधमक मऊ गोळा. एवढ्या वाफेत त्यांच्या हाताला चटका का बसत नाही, हे मी विचारलं तर त्यांनी माझे हात उलटसुलट करून पाहिले आणि हसून सोडून दिले. सोबतची दाण्याची आमटी फिकट गुलाबी, आणि मिरची-जिऱ्याची ओळखही नसलेली.

इथे 'काय खाणार' असं विचारत नाहीत; विचारतात, 'सॉस कुठला?' दाण्याचा, घेवड्याचा, मटणाचा की माशाचा, एवढंच आपण सांगायचं. मटोके, भात, मक्याच्या पिठाचा पोशो, रताळं, कसावा, भोपळा हे सगळं 'फूड'. ते न मागता एकाच ताटात येतं. पैसे सॉसचे, फूडचा डोंगर त्यात धरलेला. कोल्हापुरात रस्सा हवा तेवढा ओततात आणि भाकरी मोजतात; इथे नेमकं उलटं.

एकादशीला मी मोठ्या उमेदीने तिथे गेले. फोनवरून पहिला प्रश्न आला, "आमटीत कांदा होता?" होता. टोमॅटोही होता. "मग मोडला." पुढच्या एकादशीला बाईंना आधीच सांगितलं: कांदा नको, टोमॅटो नको, भात नको, पोशो नको. त्यांनी सगळं निमूट ऐकून घेतलं, ताट वाढलं आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

खरं तर यात देवाधर्मापेक्षा पोर्तुगीजांचा हात मोठा आहे. शेंगदाणा, रताळं, कसावा, बटाटा, मिरची ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसानंतर ती जहाजांत बसून निघाली. काही आफ्रिकेच्या किनाऱ्याला उतरली, काही गोव्याला. आफ्रिकेत त्यांचं रोजचं जेवण झालं. आपल्याकडे जुन्या यादीत नाव नसल्याने त्यांना मनाईही नव्हती, म्हणून ती थेट उपासाच्या ताटात जाऊन बसली, असा माझा संशय आहे. ज्ञानेश्वरांच्या काळात साबुदाण्याची खिचडी नव्हती, हे सासूबाईंना सांगण्याचं धाडस मात्र अजून झालेलं नाही.

संध्याकाळी आम्ही मेन स्ट्रीटवर फिरायला जातो. दोन्ही बाजूंच्या जुन्या इमारतींच्या माथ्यावर गुजराती मालकांची नावं आणि बांधल्याचं साल कोरलेलं आहे. 1972 मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडायला 90 दिवस दिले आणि ही नावं तशीच वर राहिली, खालची माणसं गेली. पुढे सरकार बदललं, काही जण परतले, काहींना इमारती परत मिळाल्या. शेजारच्या पटेलकाकी त्यांतल्या एका घरातल्या. त्या काळाबद्दल त्या बोलत नाहीत, विचारलं तर ढोकळा पुढे करतात.

माणसं गेली तरी चपाती मात्र कुणाला हाकलता आली नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर लाकडी टपरी, कोळशाची शेगडी, तिच्यावर काळाभोर सपाट तवा, आणि लाटणं हातात घेतलेला विशीतला मुलगा. चपाती मैद्याची, तेलात खरपूस भाजलेली. प्लॅस्टिकच्या मगात दोन अंडी फोडायची, त्यात कोबी, कांदा, टोमॅटो, मीठ घालून खळखळ फेटायचं, तव्यावर ओतायचं, वर चपाती थापायची, उलटून गुंडाळी करायची. याचं नाव रोलेक्स. कांदा चिरायला पाट लागत नाही, मुलगा तो हातातल्या हातात मगावरच चिरतो.

माझ्या दृष्टीने या देशाची खरी प्रगती ही, की रस्त्यावरच्या पोळ्या बहुतेक ठिकाणी पुरुष लाटतात. मी ह्यांना मुद्दाम टपरीसमोर उभं करते आणि पाहायला लावते. हे पाहतात, दोन रोलेक्स सांगतात आणि क्रिकेटचा स्कोअर बघत बसतात. एकदा त्या मुलाने मला कौतुकाने विचारलं, "तुमच्या देशातही चपाती करता येते का लोकांना?" मी म्हटलं, "काहींना येते," आणि ह्यांच्याकडे पाहिलं.

वेळेचा हिशेबही समजून घ्यावा लागतो. विषुववृत्त जवळ, त्यामुळे बारा महिने सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सातच्या आसपास मावळतो. म्हणून लुगांडात बोलताना तास उजाडल्यापासून मोजतात: सकाळचे सात म्हणजे एक, नऊ म्हणजे तीन. भाजीवाली 'तीनला येते' म्हणाली की नऊला दार उघडून बसायचं. इंग्रजीत तीन म्हणाली तर दुपारी. आणि सरोवरावरून पाऊस आला तर दोन्ही भाषांत उद्या.

नोव्हेंबरात मात्र सासूबाईंची समजूत साफ कोसळली. त्या महिन्यात नसेनेंचे थवे येतात. हे हिरवे, लांब तंगड्यांचे नाकतोडे. रात्री प्रखर दिवे लावून, उभ्या पत्र्यांवर त्यांना आपटवून, खाली पिंपांत गोळा करतात. बाजारात बायका पंख आणि पाय खुडत बसतात आणि कांदा-मीठ घालून तळलेले नसेने कपाने मोजून विकतात. शेजारणीने मोठ्या मायेने डबा भरून आणून दिला. कुरकुरीत वास होता, चकलीच्या घाण्यासारखा. ह्यांनी चार खाल्ले आणि 'भेळेत चालतील' असा निकाल दिला. नेमका तेव्हाच व्हिडिओ कॉल आला. डब्यात काय आहे हे सासूबाईंनी दोनदा विचारलं, मग विषय बदलून कारखान्याचा गळीत हंगाम कसा चाललाय ते विचारलं.

कुणी इकडे यायचं ठरवलंच, तर शेंगदाणे आणून बॅगेचं वजन वाढवू नका. गोडा मसाला आणि भगर तेवढी आणा, कारण साताऱ्याहून अजून विचारणा चालू आहे. पिवळ्या तापाची लस घेतल्याचं कार्ड हाताशी ठेवा. ते इथल्या विमानतळावर पाहतात, आणि परतताना मुंबईतही दाखवावं लागतं.